व्होल्गाकाठचा ‘ओ’

बाई, गेल्या रविवारी दुपारी मी मुंबईच्या एका मोठ्या सभागृहात, साठ वादकांच्या पुढे, माइक न घेता रशियन गाणं गायले. तुमचंच गाणं, नवरीचं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. पण चार दिवस झाले, ऑफिसात कंटेनरच्या याद्या तपासतानासुद्धा मनात तुमच्याशीच बोलणं चालू आहे. तेव्हा म्हटलं, बसून लिहूनच काढावं.

मी नववीत होते. प्रार्थनेच्या वेळी संगीताच्या सरांनी मला सांगून ठेवलं होतं, तू नुसते ओठ हलव, तुझ्या एकटीमुळे बाकीच्या मुली ऐकू येत नाहीत. मी वर्षभर ओठ हलवले. आमचं घर बोर्ली पंचतनपासून आत, भातशेतीच्या गावात. वडील मुंबईला कंपनीत, शेत सगळं आईच्या अंगावर. शेताच्या या टोकावरून त्या टोकाला आईला हाक मारायची तर आवाज तसा लागायचाच. त्यात गाणं असेल हे आमच्या घरी कोणाच्या डोक्यात येणार? एके दिवशी शाळा सुटल्यावर आमची एसटी सुटून चालली होती. मी मैदानाच्या मधूनच हाक मारली. एसटी थांबली, आणि प्रयोगशाळेच्या दारात तुम्ही येऊन उभ्या राहिलात. रसायनशास्त्राच्या बाई. तुम्हाला अख्खी शाळा घाबरायची. तुम्ही मला आत बोलावलंत, दार लावलंत आणि म्हणालात, “आ म्हण. आत्ता म्हणालीस तसं.” मी म्हटलं. मांडणीवरच्या काचेच्या नळ्या झिणझिणल्या. तुम्ही त्या हाताने धरून शांत केल्यात आणि म्हणालात, “उद्यापासून शाळा सुटली की माझ्या घरी यायचं. हा आवाज दाबायचा नाही.” मला वाटलं, ही शिक्षाच आहे. एसटी तर माझी गेलीच होती.

तुमचं ते स्वयंपाकघर. मी आत्ताही तिथे उभी आहे, ओट्याला पाठ लावून, पाठीचा कणा सरळ राहावा म्हणून. तुम्ही वाल सोलताय आणि सोलता सोलता सांगताय. शिष्यवृत्ती मिळवून तुम्ही रशियात गेला होतात, व्होल्गा नदीकाठच्या एका शहरात, रसायनशास्त्र शिकायला. वसतिगृहाची राखण करणारी म्हातारी तरुणपणी ऑपेराच्या ताफ्यात गायलेली होती. पाच वर्षं तुम्ही दिवसा प्रयोगशाळेत आणि संध्याकाळी तिच्या खोलीत काढलीत. ऑपेरा म्हणजे गाऊन करायचं नाटक, आणि त्यात नायिका एकटीने मन मोकळं करते ते गाणं म्हणजे आरिया, हे मला तिथेच कळलं. बायकांच्या आवाजात सगळ्यांत वर जातो तो सोप्रानो. तुमचा आवाज खालचा. म्हातारीकडून गाणी सगळी पाठ झाली, पण वरचे सूर लागले नाहीत. मग वडील आजारी पडले, तुम्ही परत आलात, शाळेत लागलात. वीस वर्षं ती गाणी तुमच्याकडे नुसती होती. हे तुम्ही दुःखाने सांगितलं नाहीत, वाल सोलत सांगितलंत. आणि मग एक जाड वही माझ्या हातात दिलीत. सगळी गाणी देवनागरीत लिहिलेली, अक्षरांवर तुमच्या स्वतःच्या खुणा. कुठे जीभ टाळूला लावून मऊ म्हणायचं तिथे हिरवी टिकली. ‘ई’ म्हणायला जाऊन जीभ मागे ओढायची तिथे लाल. “रशियन गाताना घाई नाही,” तुम्ही म्हणायचात, “वाक्य लांब असतं, श्वास त्याहून लांब पाहिजे.” कुकरची एक शिट्टी झाली की दुसरीपर्यंत मी एकच सूर धरून ठेवायचा.

दहावीच्या परीक्षेनंतर मी नवरीचं गाणं पहिल्यांदा अख्खं गायले. वरचा सूर असा लागला की माझीच मी खूश झाले. तुम्ही नारळ खवत होतात. मान वर न करता विचारलंत, “काय म्हणालीस?” मी म्हटलं, “गाणं म्हटलं, बाई.” तुम्ही म्हणालात, “ते ऐकलं. त्यात काय म्हणालीस?” मला सांगता येईना. शब्द न् शब्द पाठ होता, टिकल्यांसकट. “मग घरी जा. सांगता येईल तेव्हा ये.” मी एसटीत रडले आणि तुमच्यावर चिडले. त्या रात्री जेवताना आईला विचारलं, तू लग्न होऊन निघालीस तेव्हा आजीला काय म्हणालीस? आई म्हणाली, “काय बोलायचं? बोलले असते तर आवाज फुटला असता. ती विचारत होती, रडतेस का गो? मी नुसती मान हलवली.” चार दिवसांनी, वहीत तुम्ही गाण्याखाली लिहिलेला अर्थ वाचून, मी परत आले. तुमच्या गाण्यातली नवरीही तेच करते. आई विचारते, रडतेस का, आणि ती म्हणते, नाही, आई, नाही. मी गायले. तुम्ही गॅस बंद केलात. मला डब्यात वालाची उसळ भरून दिलीत. तुमच्याकडून कौतुक म्हणून मला मिळालं ते तेवढंच, आणि मला ते पुष्कळ झालं.

दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीने घेऊन गेलात, तो दिवसही लिहिते. इंजिन धडधडत होतं, माणसं बोलत होती, मोटारसायकली उभ्या होत्या. तुम्ही बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलात आणि म्हणालात, “ऑर्केस्ट्रा यापेक्षा मोठा असतो. ओरडू नकोस. आवाजाच्या वरून जा.” मी लाजत सुरू केलं. बोटीवरचा दोरवाला म्हणाला, “कोनाला हाक मारतेस गो, पोरी?” लोक हसले. तुम्ही हसला नाहीत, हात कानामागे धरून बसलात. अर्ध्या खाडीत कधीतरी तुम्ही तो हात खाली घेतलात. मग मला कळलं की ऐकू यायला लागलं.

पुढचं तुम्हाला थोडं ठाऊक आहे. मी उरणला नोकरीला लागले, रविवारी मुंबईत गायन शिकू लागले. तुम्ही गेलात ती बातमी मला दोन दिवस उशिरा मिळाली. त्यानंतर तीन वर्षं मी ती वही उघडली नाही. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, रशियन नंतर बघू, तुझा पाया कच्चा आहे. मग या वर्षी जाहिरात आली. रशियन गाण्यांची मैफल, सोप्रानोची एकच जागा. निवडीला आठ जणी होत्या. सगळ्यांकडे परदेशी परीक्षांची प्रमाणपत्रं. माझ्याकडे ऑफिसची बॅग. ऑर्केस्ट्राच्या संचालकांनी अर्ज पाहून विचारलं, “रशियन कुठे शिकलात?” मी म्हटलं, “बोर्ली पंचतनला.” ते माझा अर्ज बाजूला ठेवणार होते. पण पियानोवर एक रशियन बाई होत्या, उच्चार तपासायला आलेल्या, साठीच्या. त्या म्हणाल्या, गाऊ दे.

मी गायले. दुसऱ्या ओळीत त्यांचे हात थांबले. मी समजले, संपलं. त्यांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, हा ‘ओ’ तुम्हाला कोणी दिला? मग त्यांनी समजावलं. रंगमंचावरच्या रशियनमध्ये ज्या ‘ओ’वर जोर नसतो तो ‘आ’सारखा म्हणतात. व्होल्गेकडच्या खेड्यांतले लोक मात्र तो गोल ‘ओ’च ठेवतात. “माझी आजी असं बोलायची,” त्या म्हणाल्या. मी तुमच्याबद्दल सांगितलं, वसतिगृहाच्या म्हातारीबद्दल सांगितलं. त्या संचालकांकडे वळून म्हणाल्या, “नवरी खेड्यातली आहे. हिचा ‘ओ’ असाच ठेवायचा.” आठ जणींतून मी. बाई, तुमची चूक नव्हती ती, आणि माझीही नव्हती.

रविवारी आई आली होती, पहिल्यांदाच माझं गाणं ऐकायला. पहिल्या रांगेत बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. वादक सुरू झाले आणि मला इंजिनाचं भय वाटलं नाही. मी वरून गेले. वरचा सूर आला तेव्हा तो माझ्या घशात नव्हता, सभागृहात होता, आणि मी त्याला हवा तितका वेळ राहू दिलं. शेवटी सगळे उभे राहिले. संचालक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. शेतात हाका मारणारी, प्रार्थनेत ओठ हलवणारी मी तिथे उभी होते, आणि मला मुळीच संकोच वाटला नाही.

हे पत्र ऑफिसच्या खणात राहील, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. नवरी आईला तीनदा ‘न्येत’, म्हणजे नाही, म्हणते. दोनदा मी नीट म्हटलं. तिसऱ्या वेळी नजर आईवर गेली आणि तोंडातून ‘न्हाय’ गेलं. स्वच्छ, लांब, साठ वादकांच्या वरून. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “बाकी काय समजलं न्हाय. पण शेवटी तू न्हाय बोललीस, ते समजलं.” रशियन बाईंच्याही कानाने ते टिपलं होतं. त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, हा व्होल्गेकडचा जुना शब्द आहे का, तुमच्या बाईंनीच शिकवला? मी हो म्हणाले.