डायल कोणी वाचायचा?

सोमवार, ९ डिसेंबर २०२४

पोचले एकदाची नांदेडला! लातूरपासून सगळी धूळ डोक्यात घेऊन. डांबर तंत्रज्ञान पोरांना कसं शिकवावं, हे आठवडाभर मी सांगणार — आणि समोर पॉलिटेक्निकमधली जाणती मास्तर मंडळी. तोंड मात्र चाललं!

मंगळवार, १०

आज लॅब. डबीतल्या डांबरात सुई सोडायची, किती रुतली ते डायलवर बघायचं. त्यावरून डांबर मऊ की कडक ते कळतं. मी म्हटलं, मास्तरानं डायल बघायचाच नाही. एका पोरानं मोठ्यानं वाचायचा, मग दुसऱ्यानं. दोघांचं जुळलं तरच फळ्यावर लिहायचं.

समोरच्यांतले राजशेखर सर हसले. "ही तर कामचुकारी झाली मॅडम. मास्तर काय नुसता उभा राहणार?" सगळेच हसले. कोर्सच्या समन्वयकांनीही सांगून टाकलं, शुक्रवारपर्यंत यांना पटवा, नाहीतर हे कोर्समधून काढा.

डोकंच फिरलं माझं. ही पद्धत चन्नबसप्पा सरांची आहे! उदगीरला त्यांच्याकडे शिकले. मागच्या बाकावर तोंड लपवून बसायचे मी. रोज हाक यायची — "पंचशीला, तू वाच." त्या हाकेनंच मला वाचा फुटली. अन् हे म्हणे कामचुकारी!

बुधवार, ११

सरांना फोन केला. शुक्रवारी या, तुम्हीच दाखवा करून. "न्हाई गं माय, मला कशाला? रिटायर झालेला माणूस मी." मी हट्ट सोडला नाही. शेवटी कबूल झाले. "पण उतरवून घ्यायला तू ये. इकडं भाचा बसवून देईल." गाडीत बसवायला भाचा लागतो! लई लाडावलेत सर.

गुरुवार, १२

साडी इस्त्रीला दिली. सर येणार!

शुक्रवार, १३

स्टँडवर सरांच्या अगदी समोर उभी राहिले, तर ते माझ्या पलीकडेच बघत होते. वाईट वाटलं. इतकी पोरं शिकवली, एक मी कशी लक्षात राहणार? पण "सर" म्हटलं मात्र — "अगं, पंचशीला!" चेहरा असा फुलला की माझा रुसवा कुठल्या कुठे गेला.

लॅबमध्ये राजशेखर सरांनी मुद्दाम डायल चन्नबसप्पा सरांकडे वळवला. "आज तुम्हीच वाचा." सरांनी डायलला हातही लावला नाही. मग म्हणाले, "मी वाचलं तर मला येतंय एवढंच कळंल. तुम्ही वाचा बघू." राजशेखर सरांनी वाचला. शेजारच्यानं वाचला. जुळेना! मग दोघं डायलवर वाकून पोरांसारखे भांडले. सर मान कलती करून नुसते ऐकत होते. शेवटी जुळलं तेव्हा टाळ्या! राजशेखर सरच म्हणाले, "राहू द्या हे कोर्समध्ये." मला रडूच आलं.

शुक्रवार, संध्याकाळ

सरांना सोडायला गेले. गाडी समोरच लागलेली, पाटीवर वीतभर अक्षरं. सर जागचे हलेनात.

"पंचशीला, तू वाच."

मी हसले. सर हसले नाहीत. "तुमच्या बॅचपासनंच धूसर दिसायलंय, माय. नोकरी जाईल म्हणून बोललो न्हाई कुणाला. तुम्हा पोरांच्या डोळ्यांवर निभलं."

त्यांचा हात घट्ट धरला. मोठ्यानं वाचलं — उदगीर.

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "उदगीर, उदगीर!"

सर म्हणाले, "जुळलं. चल, चढव मला."