परक्या चुलीवरच्या भाकरी

आये, तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे हे लिहून पाठवायचं कसं हा प्रश्न तू असतीस तरी आलाच असता. कुणी वाचून दाखवायला बसलं असतं तर तू मध्येच म्हणाली असतीस, "मुद्द्याचं काय ती बोल की." तर मुद्दा असा, की मी परवा जत्रेला गेले आणि एका परक्या घरात ढीगभर भाकरी थापून आले. तेव्हापासून मला फार हलकं वाटतंय. यातला निम्मा दोष तुझा आहे, म्हणून तुलाच सांगते.

गेलं वर्षभर मी घाबरून होते. शेवटी शेवटी तुला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. आधी शेजारपाजारचे आठवणीतून गेले, मग नातवंडं, मग मी. आता मी तुझ्या त्या वयाला पोचलेय, आणि मीच माझ्यावर पहारा ठेवलेला. गॅस बंद केला का, किल्ली कुठं ठेवली, समोरून हसत येणारी ही बाई कोण. साताऱ्याच्या टेलिफोन कचेरीत असताना नुसत्या आवाजावरून मी माणूस सांगायचे, आणि आता मंडईत कुणी "ओळखलं का?" म्हणालं की घाई आहे सांगून निसटायचे. मग बाहेर पडणंच कमी केलं. दूध दारात, भाजी दारात, बोलणं फक्त फोनवर. पुण्याचा लेक रोज विचारायचा, "आई, बरी आहेस ना?" आणि आपलं डोकं ठिकाणावर आहे हे पटवायला मी न विचारता नातवंडांचे वाढदिवस सांगत सुटायचे. तो एकदा म्हणालाच होता, काही विसरायला लागलीस तर घराला कुलूप घालू, इकडंच ये. त्याचं काही चुकत नव्हतं. पण मला माझं घर सोडायचं नव्हतं, आणि खरी भीती ती होती.

त्यात कचेरीतल्या माझ्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती निवृत्त झाल्यावर कवठे महांकाळजवळ तिच्या गावी जाऊन राहिलीय. म्हणाली, "जत्रंला ये की गं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं मला तिकडं येणं हुत न्हाई, तू तरी ये." पाण्याच्या टाकीजवळ पिवळं घर, दारात मांडव, हा पत्ता. नाही म्हणायला सबब सापडेना, म्हणून एसटीत बसले. जत्रेच्या दिवशी ज्याच्या त्याच्या दारात मांडव असतो हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्याही. टाकीजवळच्या पिवळ्या घरात शिरले. एक तरणी सून रश्श्याच्या पातेल्याशी उभी होती. तिला विचारलं, "बाई कुठं हायत?" ती सासूबद्दल म्हणाली, "आत्ती निवद घिऊन देवाला गेल्यात. येतील आता, बसा की." मी मनात म्हटलं, देवळापर्यंत चालत गेली म्हणजे ऑपरेशन झकास झालेलं दिसतंय.

आता "बसा" म्हटल्यावर बसायचं नाही, हे तुझं वळण. मला आठवतं, मी लहान आहे, पाऊस सरलाय, आपण आटपाडीचा माळ मागं टाकून मेंढरं घेऊन मावळतीकडं निघालोय. कुणाच्या तरी वस्तीवर पाणी मागायला तू मला पुढं पाठवतेस. मी घागर घेऊन दारात ताटकळते. मागून तुझी टपली बसते. "खांबावानी हुबी काय ऱ्हायलीस? त्या बाईचं जळान आत न्हिऊन टाक. मग पानी माग." मी लाकडं उचलून आत जाते आणि बाहेर येऊन बघते तर तू त्या बाईचं सूप तिच्या हातातून काढून घेऊन पाखडायला बसलेली असतेस. आपण निघेपर्यंत ती तुला सासूच्या कागाळ्या सांगून मोकळी होते, आणि वाटेत तू त्या आठवून एकटीच हसतेस. मी हसले की मात्र म्हणतेस, "दात काय काढतीस, मेंढरं बघ." तुझं हे असंच होतं. मला चांगलं म्हणलेलं मी कधी ऐकलं नाही.

तर मी पदर खोचला आणि घरामागच्या परड्यातल्या चुलीपुढं काठवट ओढून बसले. आधीची बाई थापून थापून घामाघूम झाली होती. तिनं माझ्याकडं न बघताच जागा दिली. जत्रेच्या चुलीपाशी जी आपणहून पीठ मळायला घेते तिला नावगाव कोण विचारणार? जेवायला आलेल्याला एखादा विचारील, भाकरी करणारीला नाही. माझ्या भाकरी टम्म फुगत होत्या. कित्येक दिवसांत मी एवढ्या माणसांत बसले नव्हते. सून मला मावशी म्हणायला लागली, आणि मावशी म्हटल्यावर मी तिला रस्सा पाणीदार झाल्याबद्दल बोलले. तिनं मुकाट्यानं अजून वाटण घातलं. मग हळूच नवऱ्याची तक्रार सांगितली, की तो आईसमोर तिच्याशी धड बोलत नाही. मी म्हटलं, "बाई, माझा तर आईमागंबी बोलत नव्हता." आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. दाराशी बाजेवर एक थकलेली आजीबाई बसली होती, ती तेवढी हसली नाही. मी आल्यापासून ती माझ्याकडं टक लावून बघत होती. मी तिला मान लववून हसले. तिनंही मान हलवली.

तेवढ्यात "आत्ती आल्या" म्हणून गलका झाला. नैवेद्याचं रिकामं ताट घेऊन एक बाई परड्यात आली, आणि आये, मला तिचा चेहरा ओळखू येईना. जिच्याबरोबर निम्मं आयुष्य शेजारच्या खुर्चीवर काढलं ती बाई समोर उभी आहे, आणि मला ती अनोळखी दिसतेय. झालं, म्हटलं, आलं ते. आता लेकाला काय सांगू, घराची किल्ली कुणाकडं देऊ, इतकं सगळं त्या क्षणात मनात येऊन गेलं. तरी मी हसू आणून म्हटलं, "आलीस व्हय?" ती जरा थबकली, पण पाहुण्याला कोण म्हणून कसं विचारायचं, म्हणून तीही हसून म्हणाली, "आलो की. तुमी कवा आलासा?" तुमी म्हणाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी भीतीनं बोलतच राहिले. विचारलं, "गुडघं काय म्हंत्यात?" ती म्हणाली, "माझं गुडघं? चांगलं हायत की. का वं?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. सून माझ्याकडं बघतेय, मी सासूकडं, आणि सासू बाजेवरच्या आजीकडं, की ही तुमच्याकडची कुणी आहे का. तेव्हा ती आजी बोलली. "आवं, तुमी हायसा तरी कोण? सकाळधरनं इचार करून माझं डोस्कं उठलं. मला वाटलं, आमच्या म्हायारची कोण तरी आसंल आन् मलाच वळखू येईना झालीया. ह्यास्नी कळलं तर म्हंतील, म्हातारीला चळ लागला. म्हणून गप बसले."

मी तिच्याजवळ जाऊन खाली बसले आणि म्हटलं, "आजी, मला बी तसंच वाटलं वं, आत्ता." तिनं माझ्या पिठाच्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "मग आपलं दोघींचं बी ठीक हाय म्हणायचं." आणि ती जी हसायला लागली, ती बाजेवर आडवीच झाली. मग मी, मग ती सासू, मग ती सून. मी हसत होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भीती उतरली की माणूस असा होतो हे मला माहीत नव्हतं. मैत्रिणीचं घर टाकीच्या पलीकडच्या अंगाला निघालं, तेही पिवळं. पण मला जेवल्याशिवाय कोण सोडतंय. मैत्रीण काठी टेकत शोधत आली तेव्हा मी आजीच्या शेजारी पंगतीत बसून रस्सा ओरपत होते. ती म्हणाली, "मी तिकडं वाट बघून बघून दमले, आन् ही बया हितं." तिच्याकडंही जेवावं लागलं. दोन्हीकडचं मटण पचवलं, म्हणजे तब्येत काय वाईट नाही.

आता मी रोज बाहेर पडते. ओळखलं नाही तर सरळ सांगते, ओळखलं नाही बाई, सांग कोण तू. कुणाला राग येत नाही, उलट गप्पा लांबतात. काल गिरणीत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली नवी कवळी कुठं कुठं टोचते ते मला तपशीलवार सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुमचे साहेब काय म्हणतात?" मी म्हटलं, "ते जाऊन बरीच वर्षं झाली." ते एकदम गडबडले. "म्हणजे तुम्ही आमच्या समोरच्या वहिनी नव्हे? मग मी हे सगळं कुणाला सांगितलं?" दळण होईपर्यंत आम्ही हसत होतो.

पुढं मागं खरंच विसरायला लागले तर लागले. त्याचंही आता तेवढं वाटत नाही, आणि ते तुझ्यामुळं. तुझ्या शेवटच्या वर्षी मी सुटीला आले की तू मला जवळ बसवून विचारायचीस, "बाई, तुमी कुठल्या गावच्या?" बाकीचे डोळे पुसायचे. तू मात्र मजेत असायचीस. अनोळखी बाई भेटली की तुझी कळी खुलायची, ते शेवटपर्यंत राहिलं. मी साताऱ्याची म्हटलं की तू म्हणायचीस, "माझी एक लेक तिकडंच हाय, टेलिफोनात. लय हुशार. तिच्यावानी पोरगी आमच्या भावकीत न्हाई." हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आये, पण घरचे तुला माझी ओळख पटवायला लागले की मीच त्यांना डोळ्यांनी गप्प करायचे. आणि ते उठून गेले की तुझ्याजवळ सरकून पुन्हा विचारायचे, "आजी, लेक कशी हाय म्हणालासा तुमची?"