अंगठाभर लोणी

४ फेब्रुवारी

८२.३. काटा डॉक्टरांचाच, त्यामुळे बोलायची सोय नाही.

"किडनी उत्तम आहे. रक्तगट जुळतो, बाकीचंही सगळं जुळतं. फक्त तुम्ही थोड्या जास्त आहात," डॉक्टर म्हणाले. इतक्या नाजूकपणे मला आजवर कुणी जाडी म्हटलं नव्हतं!

शहात्तरच्या खाली आले तरच माझी किडनी धाकट्या भावाला देता येईल. १५ मेला प्रत्यारोपण समितीची बैठक. तोवर नाही जमलं तर त्याचं नाव प्रतीक्षायादीत, आणि ती यादी तीन-चार वर्षांची. आठवड्यातून तीनदा तो डायलिसिसच्या यंत्राशेजारी चार-चार तास पडून असतो. अशी चार वर्षं!

मुदतीचं मला भय नाही. एकवीस वर्षं मुदतीवरच पोट भरते आहे. अडचण आहे ती पोट भरायच्या पद्धतीत — आठवड्याला सहा हॉटेलांत जेवायचं आणि त्यावर सदर लिहायचं. घरी उकडलेल्या भाज्या खा म्हणे. म्हणायला काय जातं!

६ फेब्रुवारी

आहारतज्ज्ञ बाई वयाने माझ्या निम्मी, पण नजर मास्तरणीची. दिवसाला चौदाशे कॅलरी. मी विचारलं, हॉटेलात कुठल्या पदार्थात किती ते मला कोण सांगणार? ते तर मीठ किती घातलं हेही सांगत नाहीत.

तिने माझा हातच पुढे ओढला. मूठभर भात — दोनशे. तळहाताएवढा मासा — दीडशे. अंगठाभर लोणी — शंभर. "आणि बाहेरचं आहे म्हणून वर एक तृतीयांश चढवायचं. आचारी आपला शत्रू नसतो, पण मित्रही नसतो."

वाक्य चांगलं आहे. सदरात ढापणार.

९ फेब्रुवारी

नदीकाठचं हॉटेल. नेहमीप्रमाणे भावजय सोबत, आणि टेबल तिच्या नावावर. पंधरा वर्षं टोपणनावाने लिहिते, फोटो कधी छापू दिला नाही. समोर जेवते आहे ती मीच, हे हॉटेलवाल्यांना कळता कामा नये — सदराचा सगळा भरवसा त्यावर.

मासा आला. मी त्यावर तळहात धरून अंदाज घेतला.

"वन्सं, माशाला टाळी देताय की आशीर्वाद?"

सूप १८०, मासा १५०, भात अर्धी मूठ १००, लोणी अंगठ्याच्या पेराएवढं ५०. वर एक तृतीयांश. मांडीवरच्या वहीत लिहिलं. वाढपी संशयाने बघत होता.

१८ फेब्रुवारी

८१.९.

धाकटा म्हणाला, "ताई, एवढं तर तू चष्मा काढलास तरी उतरतं."

२६ फेब्रुवारी

८२.१. वाढलं!

आहारतज्ज्ञ बाईंनी वही चाळली. "काही लिहायचं राहून जातं का?" — म्हणजे खोटं लिहिता का. इतका राग आला! सकाळी बिनसाखरेचा चहा, घरी उकडलेलं, बाहेर मोजून चमचे. एक घाससुद्धा बिनहिशोबी नाही. तिला म्हटलं, बाई, मी बातमीदारीतून वर आले आहे. ती म्हणाली, "काटा वाचत नाही हो ते."

घरी आले तर भावजयीचा फोन. काल यंत्रावरून परत आल्यावर धाकटा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच बसला. पुढे चढवेना. वीस मिनिटं बसून होता. "ताईला सांगू नकोस" म्हणाला, म्हणून तिने लगेच सांगितलं.

३ मार्च

बाजारामागचं जुनं हॉटेल. दोघींनी अळिंबीचं सूप घेतलं. माझ्या चमच्यातून थेंब कागदी रुमालावर पडला, तिच्यातूनही पडला. तिचा वाळला. माझ्या थेंबाभोवती पिवळं कडं पसरत गेलं.

मग नीटच करून पाहिलं. दोन कोरे रुमाल, दोन्ही वाट्यांतलं चमचाभर सूप. पाच मिनिटांनी माझा रुमाल उजेडात धरला तर आरपार दिसत होतं — वाढपी, दरवाजा, सगळं. तिचा नुसता ओला.

एकच पातेलं, एकच टेबल!

"वन्सं, आत कुणाचा तरी तुमच्यावर जीव दिसतोय."

४ मार्च

दुपारी जेवणं उरकल्यावर मागच्या दाराने आत गेले. मुख्य आचारी साठीचा, सुरीला धार लावत होता. मी माझं टोपणनाव सांगितलं. तो हसायलाच लागला.

"बाई, तुम्हाला ओळखत नाही असं कोण आहे?"

शेगडीमागच्या भिंतीवर माझा फोटो! कुणी तरी मोबाइलवर चोरून काढलेला — डोळे मिटून माशाचा वास घेते आहे, हनुवटी दोन. खाली खडूने एकच शब्द: सढळ.

"तुमच्या वाटीत सायीच्या तीन पळ्या जादा. मासा लोण्यात दोनदा जातो. भातातही सोडतो थोडं. सगळीकडे हेच आहे, बाई. फोटो मला नदीकाठच्यांनी दिला." मग माझा चेहरा पाहून, "वाईट वाटून घेऊ नका. चांगलं लिहिता तुम्ही."

मी पळी हातात घेऊन मोजलं. जेवणामागे सहाशे तरी. आठवड्याला सहा जेवणं. जेवढं मी पोट मारून वाचवलं, तेवढंच ह्यांनी प्रेमाने परत घातलं! माझा हात बरोबर होता, मूठ बरोबर होती. मी इतरांचं ताट मोजत होते आणि खात होते माझं.

६ मार्च

दोन रात्री नीट झोप नाही. वजनामुळे नव्हे — वजनाचं कोडं तर सुटलं. पंधरा वर्षं मी लोकांना सांगत आले, इथलं सूप रेशमासारखं, तिथला मासा तोंडात विरघळतो. ते सूप त्यांच्यापैकी कुणाला कधी मिळालंच नव्हतं.

तेच लिहून टाकलं. फोटो, पळ्या, रुमाल, सगळं. संपादकांनी दोनदा वाचलं.

"हे छापल्यावर तुझं काय उरेल?"

"पान पाचला जातं, सात मिनिटं आहेत," मी म्हटलं.

छापलं.

९ मार्च

पत्रांचा ढीग. बहुतेक शिव्याच. एक मात्र जपून ठेवलं: "तरीच! आठ वर्षं मी त्या सूपसाठी जातो आणि माझ्याच जिभेला दोष देतो."

२१ मार्च

८०.६!

युक्ती साधी. ताटं आली की भावजयीशी अदलाबदल.

२ एप्रिल

७९.७. भावजयीने युक्ती मोडीत काढली. "वन्सं, तुमचे दोन किलो माझ्याकडे सुखरूप पोचले. आता बाकीच्यांची दुसरीकडे सोय बघा."

बरोबर आहे तिचं. आता लपवायचं तरी काय उरलंय? आजपासून आधी स्वयंपाकघरात जाणार. नमस्कार, मी ती. सगळ्यांना वाढता तसंच वाढा, आणि पळी दाखवा.

१२ एप्रिल

एकाने हाकलून दिलं. एक सरळ खोटं बोलला (त्याची पळी अजून ओली होती). पण चौघांनी दाखवलं. स्टेशनजवळच्या बाईने तर तेलाची बाटली जेवणाआधी आणि नंतर, दोन्ही वेळा माझ्यासमोर वजनकाट्यावर ठेवली. "लिहा, लिहा. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

लिहिलं. सदराच्या शेवटी आता एक ओळ असते — एका ताटात तेल किती, लोणी किती. संपादक म्हणतात, लोक हल्ली तीच आधी वाचतात.

७८.८.

२५ एप्रिल

धाकट्याकडे गेले होते. आधी थट्टा — "तुझी किडनी घातली आणि मीपण तुझ्यासारखे टोमणे मारायला लागलो तर?" मग हातावरच्या पट्टीशी चाळा करत बसला.

"ताई, राहू दे. तुला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मी म्हटलं, मजकूर गेलाय छपाईला, आता परत येत नाही.

"तू लहानपणीही अशीच होतीस," तो म्हणाला. "माझ्या वाट्याच्या मारालाही पुढे."

खोटं. एकदाच खाल्ला होता मार.

९ मे

७६.८. पाच दिवस हलत नाही. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या उपाशी राहायचं नाही, आणि मी ऐकते आहे. हे लिहून ठेवते, कारण ऐकणं मला सोपं जात नाही. सकाळी पूल ओलांडून चालत ऑफिसला, संध्याकाळी चालत परत.

१४ मे

७६.२. उद्या सकाळी नऊ वाजता.

१५ मे

काट्यावर चढायच्या आधी कानातले काढू लागले. परिचारिका म्हणाली, "राहू द्या हो, सोन्याने काय होतंय!"

७५.९. कानातल्यांसकट!

समितीने अकरा वाजता हो म्हटलं. भावजय दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून राहिली आणि उठेचना. तिच्याशेजारी मीही बसले.

३ जून

आडवी पडून लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं. सर्जन येऊन गेले. माझी किडनी जोडली आणि टाके घालायच्या आधीच काम करू लागली. धाकट्याला लघवी झाली — तिथेच, टेबलावर! भावजय दारातूनच ओरडली, "वन्सं, झाली! भरपूर झाली!" शेजारच्या खाटेवरच्या बाई बघत राहिल्या. एवढ्या गोष्टीसाठी माणूस इतकं रडू शकतं, मला माहीत नव्हतं. टाके दुखतात रडताना. तरी.