आठ डिस्कस आणि माझी शिस्त

४ फेब्रुवारी, सकाळी
आठ डिस्कस मासे आणले. पिल्लंच आहेत. चपटी, गोल, जेमतेम नाण्याएवढी. साडूकडे बारा आहेत, बशीएवढे. गेल्या वर्षी त्याला प्रदर्शनात कप मिळाला. तेव्हापासून कप त्याच्या दिवाणखान्यात आणि कपाचा फोटो माझ्या बायकोच्या मोबाइलमध्ये. यंदा कप इकडे. प्रदर्शन नोव्हेंबरात, म्हणजे नऊ महिने. तेवढ्यात माणूस तयार होतो, मासा का होणार नाही?

दुकानदार सोडेचना. म्हणे पिल्लं मोठी होईपर्यंत टाकीत दुसरं कोणी नको. खाली वाळूही नको. पाणी तीस डिग्री ठेवा, रोज निम्मं बदला, दिवसातून पाचदा थोडं थोडं खायला घाला. म्हटलं, मासे विकताय की जावई? गप्प बसला. दुकानदाराला पहिल्याच दिवशी गप्प बसवावं लागतं.

५ फेब्रुवारी
नियम ठरवले. खाणं दोनदा, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. पाणी रविवारी. टाइल्सच्या कारखान्यात एकोणीस वर्षं क्वालिटी तपासतोय. लाड केले की माल वाकडा निघतो.
बायको म्हणाली, टाइल्सना भूक लागत नाही. लिहून ठेवलंय.

२६ फेब्रुवारी
कारखान्यातला व्हर्नियर आणून काचेबाहेरून मोजमाप घेतलं. तीन आठवड्यांत प्रत्येकी किमान सहा मिलिमीटर! साडूला फोन करून शिस्त या विषयावर वीस मिनिटं सांगितलं. त्याने दोनदा जांभई दिली. जळफळाट असाच बाहेर पडतो.

२ मार्च, दुपारी
मशीन बंद पडलं म्हणून लवकर घरी आलो. बायको टाकीत बारीक चिरलेली कोळंबी टाकताना रंगेहाथ सापडली. शेजारी ओली बादली. पहिल्या दिवसापासून मी कामावर गेलो की तीनदा खायला घालते आणि पाणीही बदलते, म्हणाली. वर चेहऱ्यावर काही नाही. सव्वीस दिवसांचा प्रयोग नासवला. सक्त ताकीद दिली.
म्हणाली, बरं, नाही घालत. तसंही बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, आठ दिवस तिकडे जाते.
तिकडे म्हणजे साडूकडे. जा म्हटलं.

५ मार्च
टाकी ओकीबोकी दिसते. सोबत म्हणून चार एंजल मासे आणले. दुकानदार आडवा आला. एंजल आडदांड, पिल्लांच्या तोंडचं पळवतील. त्यांच्या अंगातले जंतू पिल्लांना बाधतील. सोबत हवीच तर डिस्कस मोठे झाल्यावर छोटे टेट्रा न्या, ते गरम पाणी सोसतात. म्हटलं, एंजल आणि डिस्कस एकाच खानदानातले, मी वाचलंय. तर म्हणतो, साडू-साडूही एकाच घरचे जावई असतात की, साहेब.
हा साडूचाही दुकानदार निघाला. कट आहे.

७ मार्च, सकाळी ७.००
खाणं टाकलं. एंजलनी सतरा सेकंदांत फस्त केलं. स्पर्धेमुळे पिल्लं तरतरीत होतील. सध्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभी आहेत. एकी दिसते. चांगलं लक्षण.

९ मार्च
पिल्लांवर काळी झाक चढली. साडूचे निळे आहेत, माझे काळे. दुर्मीळ माल! फोटो पाठवला. दोन मिनिटांत फोन. साडूभाऊ, एंजल आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, पिल्लं भेदरलीत, म्हणाला. हेवा लपत नाही तो नाहीच. फोन ठेवला.
काचेवर शेवाळ. ते खाणारा सकरमासा आणला, चांगला वीतभर. बिनपगारी सफाई कामगार.

१० मार्च
सफाई कामगार काच सोडून डिस्कसच्या अंगालाच चिकटतो. दुकानदाराला फोन. अंगावरचा चिकट थर ओरबाडून खातोय, म्हणाला. आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, तुम्ही विचारलं कुठे?
उद्धट.

११ मार्च
एक गेलं. माल मुळातच कच्चा होता. रिजेक्ट.

१२ मार्च
आणखी दोन.
रजा टाकली. टाकीसमोर बसलो. उरलेल्या पाचांतलं सगळ्यात लहान काचेपाशी आलं. मी बोट टेकवलं. ते वळून परत कोपऱ्यात गेलं. दोष साडूचा. सारखे फोन करून माझं लक्ष विचलित केलं.

१३ मार्च
बायको आली. साडूसकट. बाह्या सरसावल्या, टाकीतलंच कोमट पाणी बादलीत घेतलं आणि पाचही पिल्लं जाळीने अलगद त्यात सोडली. साडू नुसता झाकण धरून उभा. मी दारात आडवा झालो. ही चोरी आहे म्हटलं. बायको म्हणाली, बाजूला व्हा, पाणी गार होतंय.
झालो. माणुसकी म्हणून.
आठ दिवस म्हणाली होतीस ना, असं जिन्यातून ओरडलो. खालून आवाज आला, आता ही पिल्लं बरी होईपर्यंत.

१ एप्रिल
एंजल तीनच उरले. आपसात मारामाऱ्या. कोणाशीच पटत नाही त्यांचं, इतके हेकट प्राणी पाहिले नाहीत. स्वयंपाक स्वतः करतो. मीही दोनदाच जेवतो, सात आणि सात. वजन चार किलो उतरलं. शिस्तीने माणूस सडपातळ होतो.

२० एप्रिल
मेहुणीचा गुडघा कधीच बरा झाला म्हणे. ती जिने चढते. तरी बायकोचा फोन नाही. मी करणार नाही. तत्त्व आहे.

२१ एप्रिल
केला. साडूने उचलला. ती पाणी बदलतेय, म्हणाला.

९ मे, संध्याकाळी
माझा माल ताब्यात घ्यायला साडूकडे गेलो. रिकामी बादली सोबत. पाचही डिस्कस आता तळहाताएवढे, अंगावर निळे पट्टे. बायकोने हात पाण्यात घातला तर बोटांतून खात होते. मी जवळ गेलो. पाचही क्षणात काळवंडले आणि मागच्या काचेला जाऊन चिकटले. साडू म्हणाला, साडूभाऊ, जरा मागे सरका. सरकलो. अजून जरा, म्हणाला. पाठ भिंतीला लागली तेव्हा ते पुढे आले.
मी बायकोला म्हटलं, मासे राहू देत इथेच. तू कधी येतेस?
तिने हात पाण्यातून काढला नाही. हळू बोला, म्हणाली, घाबरतात.