वर्दिया खालाची खोली

अल्जियर्स

प्रिय यम्मा,

तुझ्या हातांना माझे मुके. आम्ही खुशाल आहोत. बाबांचा गुडघा कसा आहे?

या महागड्या शहरात अखेर आम्हाला दुसरी खोली भाड्याने मिळाली. पोरं ऐसपैस झोपतात. खोली शेजारच्या वर्दिया खालाची. पाय मोडला म्हणून ती लेकीकडे गेली होती. परत येणार हे ठाऊक असूनही, ती आता येत नाही, असं मीच घरमालकाला सांगितलं.

काल ती काठी टेकत आली. दारातूनच पोरांच्या गाद्या पाहिल्या.

"पोरांची सोय झाली, बरं झालं गं," म्हणाली. खिडकीतली सब्जाची कुंडी तेवढी मागून घेतली आणि लेकीकडे परत गेली. तिला बस म्हणायलाही मला तोंड नव्हतं.

बाबांना खोली मिळाली एवढंच सांग. कशी मिळाली, ते नको.

तुझीच,
झुलिखा