त्सिग्लारचे अकरा जण

न्यूनेन, नेदरलँड्स
नोव्हेंबर २०२१

प्रिय दादा,

'तीर्थरूप' लिहायला हात वळला नाही, आणि मायना न घालता पत्र सुरू करायला आईने शिकवलं नाही, म्हणून 'प्रिय'. त्यात फार अर्थ शोधू नकोस.

तू पाठवलेला आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत पोहोचला. मुखपृष्ठ छान आहे, कागदही चांगला जाड आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून तुला काहीतरी भरीव हाती हवंच होतं, लॉकडाऊनने ती सोय केली. मी पोच कळवली नाही म्हणून तू यतीनला मेसेज केलास, 'विशाखा रागावली आहे का?' मला काही विचारायचं तर कायम दुसऱ्याला विचारायचं, ही तुझी पद्धत जुनीच. तर हो, रागावले आहे. फोन केला असता तर 'बरं बरं, तब्येतीला जप' म्हणून तू ठेवून दिला असतास. पत्र मध्येच ठेवता येतं, पण ते तसंच टेबलावर पडून राहतं. तुझ्या पुस्तकाकडे येणारच आहे. आधी दुसऱ्या एका पुस्तकाबद्दल सांगते. ते फुटबॉलचं आहे. तुला फुटबॉलमधलं काही कळत नाही, मलाही कळत नव्हतं.

आमच्या शेजारी फ्रान्यो राहतो. सत्तरी ओलांडलेला, क्रोएशियातला. तो देश युगोस्लाव्हियात होता तेव्हा हा आइंडहोवनच्या एका कारखान्यात कामाला आला आणि इथेच राहिला. बायको वारली, मुलगा कॅनडात. माणूस तिरसट. आमच्या फोडणीच्या वासाबद्दल त्याने एकदा तोंडावर ऐकवलं होतं, मीही त्याच्या सिगारेटबद्दल ऐकवलं. त्यापलीकडे ओळख नव्हती. मग मागच्या वर्षी मार्चमध्ये सगळं बंद झालं. यतीन फेल्डहोवनचं ऑफिस सोडून वरच्या खोलीत बसायला लागला, प्रांजलीची शाळा स्वयंपाकघराच्या टेबलावर आली, आणि माझं काम आटलं. मी इथे यतीनची डिपेंडंट म्हणून आले हे खरं, पण गेली कित्येक वर्षं संस्थांची मासिकं, अहवाल, स्मरणिका यांची मांडणी करून देते आणि त्यावर इथे कर भरते. तुझ्या पुस्तकात मी 'गृहिणी' आहे. ते जाऊ दे.

त्या वसंतात फ्रान्योने कुंपणाच्या मेंदीवरून मला हाक मारली. त्याच्या गावच्या फुटबॉल क्लबला पुढच्या वर्षी शंभर वर्षं होणार होती. जुन्या खेळाडूंपैकी ज्यांना सगळं आठवतं असा हाच उरला होता, म्हणून क्लबच्या कमिटीने इतिहास लिहायचं काम याच्याकडे दिलं होतं. मजकूर तो त्याच्या भाषेत लिहिणार, मांडणी मी करायची. कोणता फोटो कुठे जातो हे मला कळावं म्हणून तो एकेक प्रसंग डचमध्ये सांगायचा. मेंदीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या, मध्ये सरकारी नियमाचं दीड मीटर अंतर. उन्हाळाभर आमचं तसं चाललं.

गावाचं नाव दोन्या लिपा. तिथे विटांचा कारखाना होता, म्हणून क्लबचं नाव 'त्सिग्लार', म्हणजे वीटकामगार. भट्टीवरच्या पोरांनी मिळून क्लब काढला. जागा कोण देणार? माती उपसून उपसून कारखान्यामागे मोठा खड्डा पडला होता, त्याच्याच तळाशी त्यांनी मैदान केलं. अजूनही ते रस्त्याच्या बरंच खाली आहे. बघणारे काठावर उभे राहतात आणि नदी फुगली की गोलपोस्ट तेवढे पाण्याबाहेर दिसतात. दुसऱ्या महायुद्धात क्लब बंद पडला. नंतर नवं सरकार आलं, त्याने क्लबला एका हुतात्म्याचं नाव दिलं, पण काठावरून लोक 'त्सिग्लार'च ओरडत राहिले. एक्क्याण्णवच्या युद्धात कारखान्याची चिमणी तोफेने पडली, मैदानात सुरुंग पेरले गेले, आणि कितीतरी वर्षं आया पोरांना तिकडे फिरकू देत नव्हत्या. सुरुंग निघाले, सामने पुन्हा सुरू झाले, तर कारखाना विकला गेला. आता तरुण पोरं आयर्लंडला नाहीतर जर्मनीला जातात, आणि रविवारी अकरा जण जमवताना कमिटीच्या नाकी नऊ येतात. मला हे ऐकायला आवडायचं, दादा. आपल्या घराण्यात कोणी खड्ड्यात उतरून काही उभं केल्याचं तुझ्या पुस्तकात तरी नाही. सगळे इनामदार आणि मामलेदार.

या क्लबने आयुष्यात एकच मोठा सामना जिंकला, अठ्ठ्याहत्तर सालची जिल्ह्याची फायनल. फ्रान्यो गोलकीपर होता. पाऊस पडत होता, मोठ्या शहराचा संघ समोर, त्सिग्लार एका गोलने पुढे. शेवटच्या काही मिनिटांत समोरच्याने फटका मारला, फ्रान्यो घसरून पडला, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. इथवर सांगून तो म्हणायचा, आणि चेंडू परत आला. मी विचारलं, परत आला म्हणजे? तो म्हणाला, आला. मला वाटलं, खांबाला लागला असेल. दोन दिवसांनी त्याने त्या दिवशीचा संघाचा फोटो दिला. फोटोत अकरा जण होते, खाली लिहायला त्याने दहा नावं दिली होती. डावीकडून तिसरा, कुरळ्या केसांचा, फ्रान्योच्याच खांद्यावर हात टाकून हसणारा, त्याला नाव नव्हतं.

मी विचारलं, हा कोण? तो म्हणाला, 'कोणी नाही.'

मी म्हटलं, कोणी नाही त्याच्या अंगावर तुमची जर्सी कशी? त्यावर तो जे बोलला ते सगळं सांगत नाही. तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला आमचं काय माहीत, इथपासून सुरुवात झाली. तो माणूस सर्ब होता, एक्क्याण्णवच्या युद्धातल्या समोरच्या बाजूचा. युद्ध सुरू झालं आणि तो एका रात्रीत गाव सोडून गेला, आणि पुढच्याच आठवड्यात वरच्या डोंगरावरून गावावर तोफगोळे पडले. फ्रान्योचा थोरला भाऊ त्यात गेला. फ्रान्यो तेव्हा इथे, न्यूनेनमध्ये, टीव्हीसमोर बसून होता. मी म्हटलं, तुमच्या भावाचं मला फार वाईट वाटतं, पण मी युद्धाचं विचारत नाहीये, अठ्ठ्याहत्तर सालचं विचारते आहे. चेंडू परत कोणी आणला? त्याने मेंदीवरून हात घालून माझ्या मांडीवरचे कागद ओढून घेतले आणि घरात जाऊन दार लावलं.

आमचं बोलणं बंद झालं. एका फोटोखालच्या ओळीवरून मी एवढी का चिडले आहे, हे यतीनला कळेना. तुला कळावं अशी अपेक्षा नाही, पण आठवून बघ, त्याच दिवसांत तुझे फोन सुरू झाले होते. कोणाची जन्मतारीख, कोणाचं शिक्षण, कोणाचं सासर. मी प्रांजलीची जन्मतारीख सांगितली तेव्हा तू पलीकडून म्हणालास, 'बघू.' जन्मतारखेत बघण्यासारखं काय असतं, असं मी त्या दिवशी विचारलं नाही. मला समजलं होतं.

थंडीत फ्रान्योला कोरोना झाला. ॲम्ब्युलन्स येऊन त्याला घेऊन गेली. त्याची झाडं आणि टपाल यतीनने सांभाळलं. मी त्याला निरोप पाठवला नाही. तो परत आला तेव्हा फेब्रुवारी होता, बाहेर बर्फ साचला होता. एका सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर तो दारापासून लांब, फाटकापाशी उभा होता, अंगाने अर्धा झालेला, मास्क हनुवटीवर.

'मिलान,' तो म्हणाला. 'मिलान वुकोविच. लेफ्ट बॅक. रेषेवरून चेंडू त्याने काढला.'

मी आत बोलावलं, आला नाही. तिथेच थंडीत उभा राहून बोलला. हॉस्पिटलमध्ये श्वास पुरत नव्हता, डोळा लागत नव्हता, तेव्हा मनाला धरायला काहीतरी हवं म्हणून तो ती फायनल पहिल्यापासून आठवायचा. प्रत्येक वेळी तो घसरायचा, चेंडू डोक्यावरून जायचा, आणि मागे कोणीच नसायचं. 'तो नसेल तर आम्ही हरलो,' तो म्हणाला. मिलान नंतर डोंगरावर तोफेपाशी होता की कुठे जीव मुठीत धरून लपला होता, हे त्याला माहीत नाही, कधी कळणारही नाही. त्याने मिलानला माफ केलेलं नाही, करायचंही नाही. पण त्या दिवशी तो रेषेवर होता. एवढं सांगताना त्याला दम लागला, आणि यतीन त्याला हात देऊन घरी सोडून आला.

त्याने क्लबच्या अध्यक्षाला फोन लावला तेव्हा मी समोर होते. बागेतच, फोन स्पीकरवर. शब्द कळत नव्हते, पण सूर ओळखीचा होता. तो अगदी तुझा सूर होता, समजूतदार, जरा दमलेला, सगळ्यांच्या भल्याचा. नंतर फ्रान्योने मला सांगितलं, की अध्यक्ष म्हणाला, गावात विधवा आहेत, चौकात युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला दगड आहे, शंभरीच्या आनंदात हे नाव कशाला? दहा नावांनी कोणाचं काय बिघडतं? त्यावर फ्रान्यो काय म्हणाला, ते मात्र मला त्याच्या भाषेतही समजलं, कारण आकडे त्याने मला शिकवले होते.

'मग माझंही काढ. नऊ लिही.'

आणि त्यांनी नऊ लिहिली, दादा. मला वाटलं होतं, शरमेने तरी अकरा छापतील. उन्हाळ्यात पुस्तक आलं. अकरा चेहरे, नऊ नावं. ज्या गोलकीपरने ते अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव त्यात कुठेही नाही. शंभरीच्या समारंभाचं आमंत्रणही आलं नाही. तो फोटो आणि अकरा नावं असा एकच मोठा कागद मी मांडून दिला, फ्रान्योने त्याच्या प्रती काढल्या आणि गावातल्या जेवढ्या घरांचे पत्ते आठवत होते तेवढ्यांना टपालाने पाठवल्या. त्याला कोणी शाबासकी दिली नाही. एका बाईने फोन करून बराच वेळ शिव्या घातल्या. तिच्या नवऱ्याचं नाव त्या दगडावर आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाला, माहीत आहे, त्याच्याखाली माझ्या भावाचं आहे. मग तिने फोन ठेवला. त्याच्यात आणि गावात आता काही उरलेलं नाही. तो म्हणतो, बरं झालं. मला ते खरं वाटत नाही, पण त्याला पश्चात्ताप झालेलाही दिसत नाही.

आता तुझं पुस्तक. ते आलं तेव्हा मी बाहेर गेले होते, पाकीट प्रांजलीने उघडलं. ती आमच्याशी डचमध्ये बोलते, यावरून तू दर वेळी टोमणा मारतोस. पण रविवारच्या वर्गाला जाऊन जाऊन तिला आता मराठी वाचता येतं, अक्षराला अक्षर लावत का होईना. मी घरात शिरले तर ती टेबलाशी बसून आजोबांच्या नावावरून बोट खाली आणत माझ्या नावापर्यंत आली होती. मला वाचून दाखवायचं म्हणून तिने मोठ्याने वाचलं, 'विशाखा, गृहिणी. पती यतीन. वास्तव्य नेदरलँड्स. अपत्य नाही.' मग मान वर करून मला मराठीतच विचारलं, 'आई, अपत्य म्हणजे काय?'

मी तिला अर्थ सांगितला. ती माझ्या पोटची नाही हे तिला लहानपणापासून माहीत आहे, त्यात लपवण्यासारखं कधी काही नव्हतं. यतीनने तुला विचारलं तेव्हा तू उत्तर दिलंस, की कुलवृत्तांत रक्ताचा असतो, मनाला लावून घेऊ नका, दुसऱ्या आवृत्तीत कंसात 'दत्तक' असं घालता येईल. काही घालू नकोस. आमची ओळ अख्खी काढून टाक, आणि बाबांना एकच अपत्य होतं असं छाप. ज्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं, त्या दिवशी गाडी तू चालवत होतास. दीड वर्षाची पोर संस्थेच्या दारातून माझ्याकडे येईना, यतीनकडे येईना, ती तुझ्या खांद्यावर शांत झाली आणि तू तासभर तसाच उभा राहिलास. ते मी विसरले नाही, म्हणूनच हे पत्र एवढं कडू आहे. अर्थ ऐकून तिने विचारलं, मामाला माहीत आहे ना, मी आहे ते? मला तुला वाचवता आलं असतं. छापताना राहून गेलं असेल, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, 'हो, त्याला माहीत आहे.' पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, आणि तू दरवर्षी फोन करतोस. या वेळी करशील तेव्हा फोन तीच घेणार आहे. तू तिच्याशी काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवावंस, एवढ्यासाठी हे लिहिलं.

नाइलाजाने तुझीच,
विशाखा