दोन रेघांचं कुलूप

३, सोमवार
नोकरी लागली! इस्पितळातल्या कंप्युटरांची देखभाल. खोली तळघरात आहे, पण खुर्ची छान गोल फिरते. इथली पद्धत नामी आहे: एखाद्या पेशंटला औषध बाधत असेल तर त्याच्या नोंदीच्या फाइलला नावाआधी दोन रेघा मारतात, म्हणजे ती यादीत सगळ्यात वर येते. माझी ताई इथेच तिसऱ्या मजल्यावर दाखल आहे. तिची नोंद मीच केली: पेनिसिलिन चालत नाही. ताई म्हणाली, जन्मात पहिल्यांदा माझा वर नंबर लावलास.

६, गुरुवार
एक्स-रे बघायचा नवा प्रोग्रॅम बसवला, रीतसर विकत घेतलेला. कंपनीचा माणूस म्हणाला, कोणी नक्कल करू नये म्हणून आत कुलूप आहे, ते दिसणार नाही. बसवताना अँटिव्हायरस बंद करायला लावला. मला पटलं नाही, पण नवा गडी, केला बंद.

८, शनिवार
दोन रेघांच्या सगळ्या नोंदी गायब! मोठ्या सिस्टरांनी खापर माझ्यावर फोडलं. मी एका कोऱ्या फाइलच्या नावाआधी दोन रेघा मारून पाहिल्या. डोळ्यांदेखत नाहीशी झाली.
कंपनीला फोन केला. म्हणे कुलपाच्या फाइलींची नावं दोन रेघांनीच सुरू होतात, म्हणून तसं नाव असलेलं सगळंच लपतं. कुलूप काढलं तर करार मोडेल. इस्पितळाच्या साहेबांनीही मान डोलावली. विकत घेणाऱ्यावरच पहारा! चोर सोडून संन्याशाला फाशी. डोकं फिरलंय माझं.

९, रविवार
दिवसभर बसून सगळ्या नोंदी पुन्हा केल्या, एकच रेघ मारून. दिसल्या. जीव भांड्यात पडला.

१०, सोमवार
पुन्हा गायब. पडद्यावरचा बाण माउसवर माझा हात नसताना हलतोय. बाहेरचं कोणीतरी आत शिरलंय — त्यानेही स्वतःच्या फाइलींना दोन रेघा लावल्यात. कुलूपच त्याला लपवतंय! माझ्या नोंदींनाही तोच परत दोन रेघा लावतो. अँटिव्हायरस म्हणतो, सगळं सुरक्षित. कुंपणच शेत खातंय, आणि साहेब करार वाचतायत.

११, मंगळवार
ताईचं ऑपरेशन आज. पडद्यावर तिच्या नावापुढे — काहीही बाधत नाही.
इस्पितळाचे फोन कंप्युटरवरच चालतात. बंद. मोबाइलला इथे रेंज नाही. दार कार्डाने उघडतं, तेही त्याच्याच ताब्यात —

ठोठावून हात सोलवटले. कोणी ऐकत —
घाला तो करार चुलीत!

दिवा गेला. अंदाजाने लिहितोय, कागद कुठे संपतो दिसत नाही. पान फाडून दाराखालून सरकवतो. ज्याला मिळेल त्याने तिसऱ्या मजल्यावर धावा. सातवी खाट. माझ्या ताईला पेनिसिलिन दे